काट्यावर न उठणारं सोनं

जिच्यावर संशय घेता येणार नाही अशी एकही गोष्ट आमच्या शेजारच्या तात्यांना उभ्या आयुष्यात सापडलेली नाही. आणि सापडली असती, तर ती इतकी वर्षं कुठं दडून बसली होती म्हणून त्यांनी आधी तिच्यावरच संशय घेतला असता. सकाळी दूधवाला येतो तेव्हा तात्या दूध बघत नाहीत, दूधवाल्याचं तोंड बघतात. तो हसला तर पाणी घातलंय, आणि नाही हसला तर जास्त घातलंय. कलिंगडवाल्यानं फोड कापून दाखवली तर "दावायचं येगळं ठिवलंय", आणि न कापता दिलं तर "का कापना?" लग्नाची पत्रिका आली की घरातले तारीख बघतात, तात्या बघतात आपल्याला बोलावलंच का. बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची पाटी लावलेल्या एसटीपुढं उभे राहून ते आधी कंडक्टरला विचारतात, मग ड्रायव्हरला, मग खिडकीत बसलेल्या म्हातारीला, आणि तिघांनीही इंदापूरच सांगितलं की माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणतात, "तिघं बी येकच सांगत्यात. आदी बोलून ठिवलंय जणू." त्यांचा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे 'कशावरनं?' आज गुरुवार आहे म्हणावं, तर कशावरनं? आमच्या माळेगावात असं म्हणतात की तात्या जन्मले तेव्हा सुईणीनं "पोरगा झाला" म्हणून सांगितलं, तर आतून पहिला आवाज तोच आला असणार.

ह्याला कारण त्यांची नोकरी. ती सगळीच्या सगळी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसानं भरलेली गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं, ऊस खाली करून ती रिकामी परतली की पुन्हा घ्यायचं, आणि मधली वजाबाकी म्हणजे ऊस. ऐकायला किती सोपं. पण तात्या सांगतात की भरल्या गाडीवर गाडीवान बसून राहतो आणि रिकाम्या गाडीवरनं उतरून बिडी ओढायला जातो, म्हणजे कारखान्यानं गाडीवानाला ऊस म्हणून विकत घेतला का नाही? कुणी मोळ्यांत दगड घालतो, कुणी काट्यावर चढायच्या आधी बैलांना मनसोक्त पाणी पाजतो. "आन् रिकामी गाडी काट्यावर यायच्या आदी त्यो बैल मुततो. बैलसुदीक सामील असतोय रं!" एकदा उसाच्या ट्रॉलीत मोळ्यांवर एक मजूर झोपलेला निघाला. बिचारा दिवसभर तोडणी करून खरंच झोपला होता. तात्यांनी त्याला उठवलं, उतरवलं आणि आजतागायत ते सांगतात, की निजलेला माणूस जाग्या माणसापेक्षा जड भरतो, म्हणून त्याला मुद्दाम निजवला होता. ज्याला वजन आहे ते खरं, आणि ज्याला जास्त वजन आहे ते संशयास्पद, असं दोन कलमांत त्यांचं सगळं तत्त्वज्ञान बसतं. वजनच नाही अशी वस्तू त्यांच्या पाहण्यात तोवर यायची होती.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., रसायनशास्त्र. हे मी फार वेळा सांगतो असं लोक म्हणतात, म्हणोत. माझ्या आधीच्या सगळ्या पिढ्यांचं सांगायचं राहिलेलं मी एकटा सांगतोय, तेव्हा वेळ लागणारच. तर माझं पदवीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा मी पेढे घेऊन पहिल्यांदा तात्यांकडं गेलो. त्यांनी पेढा बाजूला ठेवला, प्रमाणपत्र दारात नेऊन उन्हाला धरलं, उलटं केलं, शिक्क्यावरनं नख फिरवलं आणि म्हणाले, "कागूद तर बरा वाटतोय." तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. 'ग्रॅज्वेट' म्हणतात. त्यात कौतुक किती आणि शंका किती, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही, आणि वेगळं काढायचं तर माझं शिक्षण झालंय.

मात्र ह्या माणसाच्या संशयाला एक जागा अशी आहे, की तिथं हसायला होत नाही. ती म्हणजे अंगठा. तात्यांचे वडील निरक्षर होते. त्यांचा अंगठा एकदा कुठल्याशा कागदावर उठला. कागदात काय होतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं एवढंच, की त्यानंतर ओढ्याकाठचा तुकडा आपला राहिला नाही. तात्यांनी मग सही अशी काही गिरवली, की तिच्याखाली दोन रेघा आणि रेघांखाली दोन टिंबं आल्याशिवाय ती पुरी होत नाही. "माझा आंगठा ह्या जगात कुठं उठायचा न्हाय," ही त्यांची प्रतिज्ञा. आता काळ असा उलटा आला की रेशनला अंगठा, बँकेत अंगठा, आणि पेन्शनवाल्यांना तर आपण जिवंत आहोत हे दरसाल मशीनवर अंगठा टेकवून सांगायचं. तात्या त्या मशीनपुढं उभे राहून म्हणतात, "सई घ्या. शिकलो कशाला मग?" शेवटी काकींनी हात धरून टेकवायला लावला, तर मशीन काही केल्या ओळखेना. झिजलेल्या रेषा. तिथला मुलगा म्हणाला, "आजोबा, जुळत नाही." "न्हाय? मग मी कोन हाय, ते तरी इचार तिला." आणि बाहेर येऊन मला विजयी मुद्रेनं म्हणाले, "बगितलंस? तिला बी माझा संशय."

काकी म्हणजे तात्यांच्या मंडळी. माहेर इंदापूर तालुक्यातलं निरवांगी. ह्या बाईनं असल्या माणसाशी चाळीस-पंचेचाळीस वर्षं संसार केला तो एकाच युक्तीवर: तात्या 'कशावरनं' म्हणाले की त्या "बरं, नसंल" म्हणतात आणि हातातलं काम पुढं चालू ठेवतात. काही वर्षांपूर्वी, ब्रह्मदेशात जाणं-येणं सोपं होतं तेव्हा, विहारातल्या बायकांची तिकडं धम्मसहल निघाली आणि काकी शिवणकामाच्या साठवलेल्या पैशातून खुशाल जाऊन आल्या. तात्यांचा अंदाज असा की बायकांना कुठंतरी जवळपासच फिरवून आणलेलं आहे.

"इमान उडालं ते तू डोळ्यानं बगितलंस?"

"आवं, आत बसल्यावर कसं बगू?"

"मंग?"

तिथून काकींनी एक डबी आणली. डबी म्हणजे चांगली ओंजळभर मोठी, गोल, झाकणाची, काळीभोर. अशी काळी की तिच्यात आपलं तोंड दिसावं. सगळ्या अंगानं सोन्याच्या कमळांची बारीक वेल आणि झाकणावर एक हंस. काकींची आई निरवांगीच्या विहारात दर पौर्णिमेला कण्हेरीची फुलं पदरातून घेऊन जायची आणि मूर्तीपुढं फरशीवर ठेवायची. फुलं ठेवायला धड पात्र कधी मिळालं नाही, ते म्हातारी जाईपर्यंत. ते पात्र आईच्या नावानं द्यायचं, हे काकींनी तिकडच्या बगान गावात, डबीच्या दुकानात उभं राहूनच ठरवलं होतं. बुद्धपौर्णिमेचा दिवस ठरला, भंतेजींना निरोप गेला, निरवांगीला भावांनी खिरीचं मोठं भांडंही सांगून ठेवलं.

आणि तात्यांनी डबी हातात घेतली. घेतली आणि चमकले. तिला वजनच नव्हतं.

"ह्येच्यात सोनं हाय?"

"हाय."

"कशावरनं? सोनं असंल तर वजन कुठं हाय?"

काकींनी समजावून सांगितलं. तिथल्या डब्यांच्या कारखान्यात एक दिवस बसून त्यांनी सगळं पाहिलं होतं. बांबूच्या केसाएवढ्या बारीक पट्ट्या आणि घोड्याच्या शेपटीचे केस विणून आधी सांगाडा करतात. त्यावर एका झाडाचा काळा चीक चढवतात, तळघरात वाळवतात, घासतात, पुन्हा चढवतात. असं महिनोन् महिने. आतली वाटी चिमटीत धरून दाबली तर दोन्ही काठ एकमेकांना टेकतात आणि सोडली की परत गोल. मग जिथं काळं राहायला पाहिजे तिथं पिवळ्या खळीनं चितारतात, वरून सगळ्या डबीला सोन्याचा वर्ख चिकटवतात, आणि पाण्यानं धुतात. खळीबरोबर तिच्यावरचं सोनं वाहून जातं, उरतं ती नक्षी.

तात्या शांतपणे ऐकत होते. काट्यावर गाडीवानाची हकिकत ऐकताना ते अशाच तोंडानं बसत असणार.

"म्हंजी आदी सोनं लावायचं, आन् मंग धुऊन टाकायचं."

"व्हय."

"हितंच घावलं! घोड्याच्या शेपटीची डबी, तिला झाडाचा डिंक, आन् वरनं सोनं धुऊन टाकत्यात. उद्या म्हशीच्या शेणातला हिरा आणशील."

काकी म्हणाल्या, "बरं, नसंल."

पण ह्या वेळी तात्यांना तेवढ्यावर राहवेना. पौर्णिमेच्या आदल्या रविवारी ते वायरची पिशवी घेऊन माझ्या दारात. वर मेथीची जुडी, खाली टॉवेलात गुंडाळलेली डबी. काकींना पत्ता नाही. "ग्रॅज्वेट, गाडी काढा. बारामतीला सराफाकडं जायाचं." मी म्हणालो, तात्या, काकींची वस्तू आहे, त्यांना विचारा तरी. तर म्हणाले, "त्या दिशी तितं माईकवरनं सांगत्याल, सोन्याचं काम केल्यालं पात्र. तिचं समदं माहेर बसल्यालं आसंल. आन् उद्या कुणी म्हणलं, की बाईला परदेशात जाऊन गंडवलं, तर? तिला फशिवलं आसंल ते चारचौघांत कळण्यापरीस माझं मला कळू दे. न्हाय निघालं सोनं, तर मी गप बसंन. हाय तेवडं सोनं, आसं धरून चालंन." ते ऐकल्यावर मी गाडी काढली. संशयामागं एवढं काही असेल, असा मला संशय नव्हता.

सराफ भला माणूस. त्यानं डबी हातात फिरवली, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, "काम लई भारी हाय, तात्या. सोनंच वाटतंय." 'वाटतंय' म्हटल्यावर झालं. "काट्यावर ठिवा," तात्या म्हणाले. सराफ हसला. "डबी ठेवतो, पण सोनं कसं ठेवू? वर्ख हाय ह्यो. फुंकर मारली तर उडंल एवढा पातळ. सोनं हाय, पण काट्यावर उठायचं न्हाय." आयुष्यभर काट्यावर बसलेल्या माणसाला हे वाक्य सहन होण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात सराफाला फोन आला आणि तो तोंड फिरवून बोलू लागला. तात्यांनी आधी फोनकडं संशयानं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मी 'तात्या' म्हणेपर्यंत समोरचा कसोटीचा काळा दगड उचलून डबीच्या अंगावर खसाखसा घासला. बांगडी घासावी तसा.

सराफ वळला. दगडावर एक पिवळी रेघ होती. त्यानं तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडला. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. रेघ जशीच्या तशी राहिली.

"खरं हाय, तात्या. चोख हाय. पण व्हतं तेवडं तुमी दगडाला लावलं."

डबीवर एका कमळाच्या जागी रुपयाएवढा काळा डाग पडला होता. आतलं अंग तसंच काळं, चकचकीत, शाबूत. फक्त कमळ गेलं होतं. माळेगावला येईपर्यंत तात्या मागच्या सीटवर एक शब्द बोलले नाहीत. मी दोनदा वळून पाहिलं, आहेत का पडले.

काकींना काही सांगावं लागलं नाही. पिशवीतली मेथी निम्मी सुकलेली होती, त्यावरून त्यांनी ओळखलं. त्यांनी डबी घेतली, डागावरून बोट फिरवलं.

"आवं, मला इचारायचं की."

"तुला इचारून काय? तुला त्यांनी सांगितलं, तेच तू सांगणार."

"व्हय. आन् तेच खरं निगालं न्हवं?"

 काकींनी डबी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "निरवांगीला फोन करते. येत न्हाय म्हणून. खरवडल्यालं पात्र आईच्या नावानं कसं ठिवू?" त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दोन दिवस स्वयंपाक करत होत्या, वाढत होत्या, आणि तात्या 'भाजीत मीठ जास्त वाटतंय' म्हणाले तरी 'बरं, नसंल' एवढंही म्हणत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी मी लोणी देवकरहून कामावरून आलो, तर तात्या माझ्या पायरीवर. मी तिथं रंग-व्हार्निशच्या एका कंपनीत लॅबला आहे. "ग्रॅज्वेट," ते खाली बघत म्हणाले, "तुमच्यात चिकटवायचं कायतरी आसंलच की." मी सांगितलं, व्हार्निश आहे, सावकाश वाळणारं, ते अर्धवट चिकट असताना वर्ख धरेल. पण वर्ख कुठून आणायचा? मिठाईवरचा असतो चांदीचा, तो चालायचा नाही.  तेवढ्यात शेजारच्या दारातून काकींचा आवाज आला. "माझ्याकडं हाय."

त्यांनी पासपोर्टच्या पाकिटातून कागदाच्या तीन लहानशा घड्या काढल्या. तिकडं एका मोठ्या मूर्तीला लोक हातानं सोन्याचा वर्ख लावतात. काकींनीही तीन पानं विकत घेतली होती; पण मूर्तीपर्यंत फक्त पुरुषांना जाता येतं, बायकांनी आपली पानं कुणा पुरुषाच्या हाती द्यायची, असं तिथं सांगितलं. काकींनी दिली नाहीत.

"परक्याच्या हातात का देऊ? त्यो लावीलच कशावरनं?"

तात्या चमकून बघायला लागले. काकी म्हणाल्या, "बगता काय? तुमच्यासंगं ऱ्हाऊन मला बी लागली सवय."

दुसऱ्या दिवशी मी व्हार्निश घेऊन कामावरून लवकर आलो. वैशाखातली दुपार. वर्ख उडू नये म्हणून मी खिडक्या लावल्या आणि पंखा बंद केला. तात्यांनी पंख्याकडं पाहिलं, "थांबलाय, पण बंद हाय का?" म्हणाले आणि जाऊन मेन स्विच खाली ओढून आले. मी डागावर व्हार्निशचा हात फिरवला, ते चिकट धरेपर्यंत आम्ही तिघं भट्टीत बसल्यासारखे बसून राहिलो. मग तात्यांनी पहिली घडी उघडली. पान जरा थरथरलं, उठलं आणि त्यांच्या मिशीवर जाऊन बसलं. ते काढायला गेलो तर त्याचा भुगा झाला. दुसरं पान उघडून तात्या "आता कसं—" एवढंच म्हणाले, आणि त्या 'कसं'च्या वाऱ्यानं तेही गेलं. "हितंच व्हतं की! कोन हाललं?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं, काकींकडं पाहिलं, भिंतीवरच्या पालीकडंही पाहिलं. अर्धी मिशी सोन्याची, घाम निथळतोय, आणि नजर काट्यावरच्या जुन्या क्लार्कची.

राहिलं एक पान. काकींनी हात पुढं केला. "द्या हिकडं. आन् बोलू नगा." त्यांनी कागद तसाच डबीपाशी नेला, श्वास कोंडला, आणि भाकरी तव्यावर टाकावी तशी एका वळणात कागद उलटा केला. पान बरोबर डागावर बसलं. सुटलेल्या श्वासाबरोबर त्या म्हणाल्या, "आता दाबा."

"मी?"

"मग कुणी? घासलं कुणी?"

तात्यांनी उजव्या हाताचा अंगठा धोतराला पुसला आणि टेकवला. टेकवला तो उचलेनातच. मी म्हणालो, बास आता. तर डबीकडं बघत पुटपुटले, "उचलला आन् संगं आलं तर?" शेवटी काकींनी त्यांचं मनगट धरून अलगद उचललं. सोनं बसलं होतं. बाकीच्या नक्षीपेक्षा जरा जास्तच पिवळं, कमळाऐवजी नुसता लांबट गोळा. आणि त्याच्या मधोमध, उरल्यासुरल्या रेषांसकट, तात्यांचा अंगठा.

तात्यांचा चेहरा उतरला. "ग्रॅज्वेट, ह्ये पुसता येईल?" येईल म्हणालो, कापसानं हलकं घोळवलं की रेषा जातील. मी कापूस घेतलाही. काकींनी माझा हात धरला.

"राहू द्या."

"आगं, आंगठा उठलाय माझा!"

"उठू द्या. माझ्या आईला तरी कुठं सई येत व्हती? तिला आंगठाच वळखू येईल."

बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे निरवांगीला गेलो. काकींनी डबीत कण्हेरीची फुलं भरून मूर्तीपुढं ठेवली. माईकवर सोन्याचं काम असलेलं पात्र म्हणून पुकारलं, तेव्हा तात्यांनी सभोवार अशी नजर फिरवली, की कुणी 'कशावरनं' म्हणून बघावंच. कुणी म्हणालं नाही. त्यांची थोडी निराशाच झाली असावी.

तेव्हापासून दर बुद्धपौर्णिमेला तात्यांना निरवांगीला न्यावंच लागतं, कारण डबी मधल्या काळात कुणी बदलली असेल असा त्यांना संशय असतो. वंदना झाली की ते पुढं होतात, डबी फिरवून आपली जागा शोधतात, तिथं अंगठा टेकवून बघतात आणि मागं वळून सांगतात, "हाय. तीच हाय." जगातली ही एवढी एकच वस्तू त्यांनी तपासून पास केलेली आहे.

पण अलीकडं तात्या थकलेत. दूधवाला आला तरी उठत नाहीत. आणेल ते घेतात. परवा काकी मुद्दाम त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "आज दूध पातळ वाटतंय, न्हवं?" तात्या म्हणाले, "आसंल बरं." काकी आत गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत राहिल्या. ती आधीच घासलेली होती.

ह्या पौर्णिमेला मी त्यांना धरून विहारात नेलं. खाली बसून त्यांनी डबी फिरवली, जागा सापडली, अंगठा टेकवला. अंगठा आता वाळून बारीक झालाय, रेषा तर राहिल्याच नाहीत. सोन्यातला ठसा अंगठ्याबाहेर चहूबाजूंनी थोडा थोडा उरला. तात्या पुन्हा टेकवून बघू लागले. मग मान वर करून काकींना म्हणाले, "ह्यो मोठा वाटतोय गं. कुणा दुसऱ्याचा तर न्हाय?"

काकींनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "तुमचाच हाय."

मी शेजारी उभा होतो. आता तात्या 'कशावरनं?' म्हणतील, म्हणून थांबलो होतो. त्यांनी डबीकडं पाहिलं, काकींकडं पाहिलं, आणि मान डोलावून काकींच्या आधारानं उठायला लागले.